उणे पाच छेद सहा

लसाविबाईंना माणसं आवडत नसत. माणसांशी त्यांचं काही वाकडं होतं असं नाही. माणसांना बेरीज येत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. कोपऱ्यावरचा दुकानदार साध्या दोन आकड्यांसाठी यंत्रावर बोटं आपटतो. शेजारीण म्हणते, ‘टाकी अर्ध्याहून जरा जास्त भरलीय,’ आणि जरा म्हणजे किती असं विचारलं की दात काढून हसते. डॉक्टर तर शिकलेला माणूस. तोही गोळ्या देताना म्हणतो, ‘दिवसातून साधारण तीनदा घ्या.’ साधारण! बाईंच्या मते जगात साधारण म्हणवून घ्यायचा हक्क एकालाच होता, लघुत्तम साधारण विभाज्याला. बाकी सगळं साधारण म्हणजे निव्वळ आळस.

म्हणूनच शिकवणीची मुलं त्यांना पाठीमागे लसाविबाई म्हणत. बाईंनी ते खिडकीतून ऐकलं होतं. राग आला नाही. ‘चला,’ त्या मनाशी म्हणाल्या, ‘एवढा एक शब्द तरी गाढवांच्या डोक्यात राहिला.’

शिकवणी घराच्या पुढच्या खोलीत चाले. तिथे दोन लांब बाक, एक फळा, खडूच्या भुकटीने पांढरी पडलेली खिडकीची चौकट, आणि ते दार. दाराची आतली बाजू बाईंनी काळ्या रंगाने रंगवून घेतली होती. ज्याचं उत्तर चुकेल त्याने ते चुकीचं उत्तर खडूने दारावर लिहायचं, खाली आपलं नाव घालायचं, आणि शेजारी तेच गणित आपल्या हाताने बरोबर सोडवल्याशिवाय नाव पुसायचं नाही. कुणाचं नाव लगेच जाई, कुणाचं आठवडाभर ठाण मांडून बसे. दार लावलं की सगळ्यांची अब्रू सगळ्यांसमोर. दार उघडलं की ती बाजू भिंतीला टेकायची आणि अब्रू झाकली जायची. त्यामुळे कुणाची तरी आई चौकशीला यावी म्हणून मुलं देव पाण्यात घालून बसत.

घरात बाईंच्या जोडीला त्यांचा धाकटा भाऊ होता. लहानपणी अंकगणितात त्याने एकामागून एक इतके भोपळे आणले, की बाईंनी त्याचं नावच भोपळ्या ठेवलं. पुढे तो फ्रीज दुरुस्त करायला लागला, नवरा झाला, बाप झाला, तरी ते नाव काही सुटलं नाही. आणि भोपळ्याने जिच्याशी लग्न केलं ती बाईंच्या लेखी भोपळ्याची बायको. तिला मुलगी झाली. ती पोर दात नसलेलं तोंड पसरून दिसेल त्याला पाहून हसे. बाईंनी तिला बोळकी म्हणायला सुरुवात केली, आणि ते काही कौतुकाने नव्हे. ऊठसूट कुणालाही पाहून हसणाऱ्या माणसाबद्दल बाईंना काडीचाही आदर नव्हता, मग ते माणूस अजून रांगत का नसेना.

एका दुपारी भावजय बोळकीला कडेवर घेऊन पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

‘ताई, अपूर्णांक शिकवाल?’

बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘कुणाला?’

‘मला.’

‘का? बोळकीच्या शाळेला अवकाश आहे अजून.’

‘मोठ्या इस्पितळात औषधांच्या खिडकीवर मदतनीस घेतात. आधी प्रशिक्षण, आणि त्याच्याही आधी परीक्षा, ती मात्र इथेच असते. मागच्या खेपेला मी बसले होते.’

‘मग?’

‘बाकी सगळ्यात निघाले, गणितात गेले. औषधाची मापं असतात ना, म्हणून अपूर्णांकांवरच जास्त विचारतात. आणि पुढच्या खेपेला माझं वय बसत नाही. म्हणजे ही शेवटचीच.’

‘तेव्हा शिकवलं कुणी होतं?’

‘यांनी.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘भोपळ्याने? अगं, त्याला पूर्ण संख्या पेलत नाहीत अजून, तो अपूर्णांक काय शिकवणार? त्यापेक्षा त्याच्या फ्रीजला विचारायचंस. तो निदान गार तरी राहिला असता.’

भावजय हसली नाही आणि रडलीही नाही. सरळ आत येऊन बाकावर बसली. ‘म्हणून तर तुमच्याकडे आले. टोमणे तुम्ही तसेही मारताच. त्याच्याबरोबर चार गणितं आली तर माझं कुठे बिघडलं?’

जीभ होती पोरीला. बाईंनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन.

भावजयीने वहीत उत्तर काढलं. वही काढून घ्यायला बोळकी दोन्ही हातांनी झटत होती, तिला एका कोपराने थोपवून धरत काढलं. दोन छेद पाच.

बाई त्या उत्तराकडे कुणीतरी धुतलेल्या फरशीवर चिखलाचा पाय ठेवावा तशा पाहत राहिल्या.

‘कसं आलं हे?’

‘वरचे वर मिळवले, खालचे खाली.’

‘वा! अर्धा तांब्या पाणी होतं, त्यात आणखी तिसरा हिस्सा ओतलास. आता तांब्यात किती?’

‘दोन छेद पाच.’

‘म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?’

भावजय बोटांवर काहीतरी पुटपुटली. मग तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ‘कमी.’

‘पाणी ओतलं आणि तांब्यातलं कमी झालं. तांब्याला भोक आहे की डोक्याला? जा, लिही दारावर.’

‘मी पण?’

‘या खोलीत कुणी नातेवाईक नसतं.’

तिने दोन छेद पाच लिहिलं. खाली नाव लिहायला खडू टेकवला तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘भोपळ्याची बायको, असं लिही.’ तिने मान वळवून एकवार बाईंकडे पाहिलं आणि लिहिलं. अक्षर चांगलं होतं. बाईंना त्याचाही राग आला. सुंदर अक्षरातलं चुकीचं उत्तर म्हणजे इस्त्री केलेली चिंधी.

पुढचा अडथळा छेदांचा नव्हता, बोळकीचा होता. तिला पेन हवं असे, वही हवी असे, आणि त्याहून जास्त, वहीचा तो कोपरा हवा असे जिथे नेमकं उत्तर येणार असेल. दोन-तीन दिवस बाईंनी ते सहन केलं. मग एकदा गणिताच्या मध्यावरच पान टरकलं.

‘दे इकडे ते गाठोडं,’ बाई म्हणाल्या.

त्यांनी बोळकीला घेतलं ते हात लांब करून, गळकी बादली धरावी तसं. बोळकी त्यांच्याकडे पाहून हसली. बाईंनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. तिने बाईंचं खडूने माखलेलं बोट पकडून तोंडात घातलं. बाईंनी ते काढून घेतलं, साडीला पुसलं, आणि का कोण जाणे, पुन्हा दिलं.

‘घाई कसली करतेस,’ त्या भावजयीवर ओरडल्या, ‘आधी छेद बघ! चार आणि सहा. काय करायचं?’

‘गुणायचे. चोवीस.’

‘चोवीस! चार आणि सहा दोघं बारावर भेटतात, आणि ही त्यांना चोवीसपर्यंत पायी चालवत नेते. माणसाने कमीत कमी चालावं. लसावि म्हणतात त्याला.’

‘पण उत्तर तर तेच येतं ना?’

‘येतं. घरी जायला शहराला वळसा घालूनही येता येतं. तसं भोपळ्या येतो.’

बोळकी किरकिरायला लागली. बाईंना अंगाई येत नव्हती, आणि येत असती तरी त्यांनी गायली नसती. असल्या गाण्यांत ना अर्थ ना हिशेब. त्यांनी तिला खांद्यावर टाकलं आणि सवयीने पाढा सुरू केला. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न. बोळकी गप्प झाली. चोकला तिचे डोळे मिटायला लागले. सक्काला ती झोपली. बाईंनी पाढा तरी पुरा केला, कारण काम अर्धवट सोडणारी माणसं त्यांना डोळ्यासमोर नको असत. आणि मग, कारण तिचा श्वास अजून हलका लागत होता, विसाचाही म्हटला.

पुढे तसा पायंडाच पडला. दुपारी मुलं यायच्या आधी भावजय बाकावर, बोळकी बाईंच्या खांद्यावर. दारावरचं ‘भोपळ्याची बायको’ कधी पुसलं जाई, कधी नव्या चुकीखाली पुन्हा येई. भावजय हळूहळू सुधारत होती, हे बाई मरेपर्यंत कबूल करणार नव्हत्या. ‘चूक नाही’ एवढंच त्या म्हणत. तिलाही आता तो शब्द कळला होता. ‘चूक नाही’ ऐकलं की ती पदराआड हसायची. एकदा ती म्हणाली, ‘ताई, तुम्ही माझ्यावर चिडलात की खडू तुटतो. माझं डोकं काही तुटत नाही. आत्तापर्यंत खडू किती गेले बघा.’

‘डोकं तुटायला ते आधी असावं लागतं,’ बाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी बोळकीला नेहमीपेक्षा उशिरा परत दिलं.

भोपळ्याने ती बातमी जेवताना सहज सांगितली, जसं तो सगळंच सांगतो, तोंडात घास ठेवून.

‘ही पास झाली ना ताई, की इस्पितळ राहायला दोन खोल्या देतं. तिथेच, आवारात. मी चौकशी केली. माझं काय, फ्रीज सगळीकडे बिघडतात. निकाल लागला की निघायचं.’

‘निघायचं?’ बाई म्हणाल्या.

‘मग काय रोज तिथून येणार का? गाडीने अख्खा दिवस लागतो.’

बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा ठेवला. जिथे तिथे हिशेब घालणाऱ्या बाईंनी एवढा साधा हिशेब घातला नव्हता. परीक्षा झाली की ही मंडळी जातील. जाताना आपापलं सामान घेऊन जातात माणसं. बोळकीही सामानातच.

‘जा की,’ त्या म्हणाल्या. ‘माझी पुढची खोली एकदाची मोकळी होईल. शी-शूचा वास येतो खडूला.’

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटचा धडा काढला, उणे अपूर्णांकांचा.

उणे मागे असलं, तीन छेद चारमधून एक छेद सहा वजा, तर भावजयीला जमत होतं. दोन्ही उणे असले तरी जमत होतं. एकूण बरं चाललं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी शिकवणीला सुट्टी होती. दुपारी बाईंनी तिला फळ्यावर सरावाची गणितं घातली, आणि बोळकीला घेऊन त्या खिडकीशी फेऱ्या मारत राहिल्या. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी उगाचच वाजवत चाललं होतं. असल्या माणसांना वाहनच देऊ नये, असं बाईंना वाटलं. बोळकीने त्यांच्या मानेत तोंड खुपसलं होतं. तिथे तिची लाळ गळत होती, आणि बाईंनी रुमाल शोधला नव्हता.

‘झालं, ताई. बघा.’

बाईंनी वरून खाली नजर फिरवत आणली. चूक नाही. चूक नाही. चूक नाही. शेवटचं गणित होतं उणे पाच छेद सहा अधिक तीन छेद आठ. छेद सहा आणि आठ, लसावि चोवीस. शाबास, अठ्ठेचाळीस नाही घेतलेस. उणे वीस छेद चोवीस, बरोबर. अधिक नऊ छेद चोवीस, बरोबर. आणि उत्तर, ठसठशीत सुंदर अक्षरात, उणे एकोणतीस छेद चोवीस.

बाईंना ते तत्क्षणी दिसलं. घरात झुरळ असावं आणि आत पाय ठेवताच दिसावं, तसं.

‘बरोबर ना?’ भावजय विचारत होती. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. ती फक्त ‘चूक नाही’ची वाट पाहत होती.

बोळकीने झोपेत एक उसासा टाकला आणि बाईंच्या कानाची पाळी मुठीत धरली.

‘हं,’ बाई म्हणाल्या.

‘हं काय? तुमच्याकडे हं नसतं. चूक की बरोबर?’

‘बरोबर,’ बाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत या खोलीत हा शब्द इतक्या स्वस्तात कधी गेला नव्हता. भावजय तर टाळी वाजवणार होती, पण बोळकी झोपली आहे हे आठवून तिने हात हवेतच थांबवले. ‘“चूक नाही” नाही म्हणालात! चक्क बरोबर म्हणालात!’ असं म्हणत ती चहा टाकायला आत गेली.

बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. असं गणित येईलच असं कुठे आहे, त्या स्वतःला म्हणाल्या. येईल, न येईल. आणि हे म्हणताक्षणी त्यांच्या तोंडाला कडू चव आली. येईल न येईल! ही तर पालकांची भाषा. ‘बाई, हा धडा राहू दे, येईल न येईल.’ असं बोलणाऱ्या बायकांना त्यांनी याच खोलीतून वाटेला लावलं होतं. आता त्यातलीच एक खिडकीशी उभी होती आणि तिच्या अंगावर बाईंचीच साडी होती. जगातल्या सगळ्या माणसांचा बाईंना तिटकारा होता. पण आजवर त्यातून एक माणूस वगळलेलं होतं.

तेवढ्यात भोपळ्या आला. हातातली पेटी दाणकन ठेवली. पेटी नीट ठेवायची असते हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

‘अहो, इकडे या!’ भावजय आतून चहाचा पेला घेऊन धावत आली. ‘ताई बरोबर म्हणाल्या! थांबा, तुम्हाला करून दाखवते.’ फळा भरलेला होता. म्हणून तिने पुढच्या खोलीचं दार लोटलं आणि खडू घेऊन दाराच्या काळ्या बाजूवर लिहायला लागली. ‘हे बघा, छेद वेगळे. आधी ते समान करायचे. सहा आणि आठ चोवीसवर भेटतात. मग पाचाचे झाले वीस, तिनाचे झाले नऊ. आणि उत्तर, उणे एकोणतीस छेद चोवीस!’

‘वा!’ भोपळ्या म्हणाला. त्याने चहाचा घोट घेतला, आणि जाणकारासारखी मान डोलावली. ‘एकदम करेक्ट.’

बाईंना बाकी सगळं सोसलं असतं. भोपळ्याची ती डोलणारी मान सोसली नाही. त्यांच्या दारावर, त्यांच्या घरात, खडूने लिहिलेलं धडधडीत चुकीचं उत्तर उभं होतं, त्याच्याखाली कुणाचंही नाव नव्हतं, आणि एक भोपळा त्याला करेक्ट म्हणत होता.

‘अक्कल गहाण टाकलीत का दोघांनी!’ त्या ओरडल्या. बोळकी दचकून जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं. बाईंनी तिच्या पाठीवर थोपटत, त्याच दमात, भावाला म्हटलं, ‘तू. फ्रीजवाल्या. फ्रीजरमध्ये उणे वीस आहे. तू नेहमीसारखं दार उघडं टाकलंस. नऊ अंश वर चढला. आता किती?’

‘उणे अकरा,’ भोपळ्या म्हणाला, आणि स्वतःच्या उत्तराने स्वतःच घाबरला.

‘आणि तुझी बायको म्हणते, उणे एकोणतीस. दार उघडं टाकलं की फ्रीज आणखी गोठतो म्हणते. मग करा की धंदा, सगळ्यांची दारं काढून न्या!’

भावजय दाराकडे पाहत होती. ‘पण उणे पुढे आहे,’ ती हळूच म्हणाली.

‘मग?’

‘जो पुढे त्याचंच चालायचं. मागचा त्याला जाऊन मिळतो. मला वाटलं तसंच असणार.’

‘कुणी शिकवलं हे?’

‘शिकवायला कशाला हवं? या घरात तसंच तर आहे.’ तिने खडू दुसऱ्या हातात घेतला. ‘तुम्ही आधी नको म्हटलंत की संपलं. मग यांचं हो असो की माझं हो असो, ते तुमच्या नकोतच जमा होतं. नको आणखी मोठं होतं उलट.’

भोपळ्या चहात बघायला लागला. जणू तिथे काही बिघाड सापडणार होता.

‘हिशेब चूक,’ बाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता, बोळकीमुळे असेल. ‘तुझं हो माझ्या नकोत जमा होत नाही. ते नकोला तेवढं खातं. माझं विसाचं असेल, तुझं नवाचं, तर उरतं ते नकोच. पण अकराचं. चोवीसात अकरा. अर्ध्याहूनही कमी.’

भावजयीने शेजारी लिहिलं. उणे वीस अधिक नऊ, बरोबर उणे अकरा, छेद चोवीस. या वेळी अक्षर वाकडं आलं. बाईंना ते उत्तर फार देखणं वाटलं.

मग तिने खडू खाली केला आणि वळली. ‘ताई, पण मघाशी तुम्ही बरोबर म्हणालात.’

बोळकी उचकी देऊन थांबली. भावजय बाईंकडे पाहत होती, मग बाईंच्या खांद्यावरच्या पोरीकडे, मग पुन्हा बाईंकडे. ती काही फार हुशार नव्हती, हे बाईंचं मत ठाम होतं. पण या बेरजेला तिला वेळ लागला नाही.

‘म्हणाले,’ बाई म्हणाल्या. ‘उद्या तू हेच तिथे लिहून आली असतीस. कुठे आहे खडू?’

त्यांनी बोळकीला डाव्या हातावर घेतलं, दाराशी गेल्या, आणि उणे एकोणतीस छेद चोवीसच्या खाली, मुलांना दिसेल इतक्या मोठ्या अक्षरात नाव घातलं. लसाविबाई.

‘अगंबाई,’ भावजय म्हणाली, ‘तुम्हाला हे नाव माहीत होतं?’

‘मी बहिरी नाही. आणि तू बस. असली दहा गणितं घालते. पुढे उणे, मागे अधिक. आज कुणी जेवणार नाही, उत्तरं बरोबर आल्याशिवाय.’

‘मी पण?’ भोपळ्याने विचारलं.

‘तू सगळ्यात आधी नाही.’

भावजय बाकावर बसली. जाता जाता तिने बोळकीला मागितलं नाही. उलट तिच्या पायातला निसटलेला मोजा बाईंच्या हातात ठेवला. ‘घाला,’ म्हणाली, ‘तोवर मी छेद बघते.’

दुसऱ्या दिवशी शिकवणीची मुलं आली. दार लागलं. दारावरचं नाव सगळ्यांनी वाचलं. मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं आणि तिथेच गिळलं.

‘हसा,’ बाई म्हणाल्या. ‘हसायला काही येत नसलं तरी चालतं. मग वह्या काढा.’

नाव त्यांनी पुसलं नाही. बरोबर उत्तर शेजारीच होतं, पण ते भावजयीच्या हातचं होतं, आणि नियम म्हणजे नियम.

निकाल लागला. भावजय पास झाली. गणितात किती, हे तिने पहिल्यांदा बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘बाकीचे कुठे गेले?’ आणि आत जाऊन उगाचच डबे पुसत बसल्या.

निघायच्या दिवशी टेम्पो आला. भोपळ्याने सामान असं रचलं होतं की जड पेट्या वर आणि उशा खाली. बाईंनी ते सगळं उतरवून पुन्हा रचायला लावलं. टेम्पोवाला घड्याळ बघत म्हणाला, ‘बाई, साधारण अर्धा तास उशीर झालाय.’ बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने घड्याळावरून बाही ओढून घेतली.

‘मी पेट्या बघते,’ भावजय म्हणाली, ‘तोवर हिला धरा.’ पेट्या बघून झाल्या होत्या. दोघींना ते माहीत होतं.

बोळकीला खालच्या हिरडीत एक दात आला होता. तो दाखवत ती हसली. ‘अजून हसतेच आहेस,’ बाई तिला म्हणाल्या, ‘दात आला, अक्कल नाही आली. तिथे गेल्यावर कुणालाही पाहून हसत सुटू नकोस. लोक चांगले नसतात.’ बोळकीने त्यांची कानाची पाळी धरली. बाईंनी एकोणिसाचा पाढा सुरू केला, दुणेपर्यंत आल्या, आणि पुढचा आकडा त्यांना आठवेना. असं कधी झालं नव्हतं.

‘सत्तावन्न,’ भावजय पाठीमागून म्हणाली.

‘मला माहीत आहे.’

‘ताई, तुम्ही चला ना आमच्याबरोबर. दोन खोल्या आहेत.’

‘नको.’

‘थोडे दिवस.’

‘नको म्हटलं ना. शिकवणी कोण घेणार? ही गाढवं वाऱ्यावर सोडू? आणि तुमच्या त्या इस्पितळाच्या आवारात मी काय करू, गोळ्या मोजू?’

भावजयीने वाद घातला नाही. बोळकीला घेतलं. बोळकी यायला तयार नव्हती. तिने बाईंच्या कानाची पाळी सोडली नाही, ती एकेक बोट करून सोडवावी लागली. टेम्पोत चढल्यावर भावजयीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

‘ताई, त्या नकोत हिचं ये धरलंत का?’

‘काय?’

‘तुमचं नको पुढे आहे, मान्य. मागे हिचं ये आहे. धरलंत की नुसतंच पुढचं बघितलंत? मी करत होते तसं?’

‘तोंड वर करून बोलायला शिकलीस. तिचे छेद वेगळे आहेत.’

‘मग करा की समान,’ भावजय म्हणाली. ‘तुम्हाला येतं.’

टेम्पो गेला. भोपळ्याने दार नीट लावलं नव्हतं, ते वळणापर्यंत खडखडत राहिलं.

संध्याकाळी मुलं आली. बाईंनी दार लावलं. दारावर नाव तसंच होतं. सगळे वह्या उघडून बसले आणि वाट पाहत राहिले, पण बाई फळ्याकडे वळल्या नाहीत. त्या दाराशी गेल्या, खडू घेतला, आणि भावजयीच्या वाकड्या अक्षराखाली तेच गणित पुन्हा एकदा, आपल्या हाताने सोडवलं, पायरीन् पायरी. उणे अकरा छेद चोवीस. मग तळव्याने आपलं नाव पुसलं.

‘पुढच्या आठवड्यात शिकवणी नाही,’ त्या म्हणाल्या.

बाकांवर आनंदाची लाट उसळली आणि बाईंच्या नजरेने तिथल्या तिथे बसली.

‘बाई, तुम्ही गावाला जाणार?’ पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

‘बघणार आहे,’ बाई म्हणाल्या. ‘तिकडे एकीला एक दात आलाय आणि पाढे अजून एकही येत नाही. तिच्या आई-बापाच्या भरवशावर राहिलं तर भोपळाच निघायचा. चला, वह्या काढा. पुढे उणे, मागे अधिक.’